हातानं वाचणारा सर्जेराव

उत्रोलीत गेनबाच्या दारापुढं त्याचा नवा टेम्पो उभा होता आणि सर्जेराव रणपिसे त्याच्या मागच्या फाळक्यावर नाव टाकत होते. नाव गेनबाच्या आईचं होतं: ‘धोंडाबाईची पुण्याई’. सकाळपासून सर्जेरावांचं डोकं जड होतं. उजवा पाय लागून रंगाचा डबा एकदा कलंडलाही होता, आणि असं त्यांच्या हातून कधी होत नसे. पण ब्रश बोटांत आला की त्यांचं बाकीचं जग मागं राहायचं. त्यांनी खडूची दोरी ताणून सरळ खूण मारली, शिरोरेषा ओढली आणि तिच्याखाली एकेक अक्षर असं उतरवलं की बघणाऱ्याला वाटावं, ते आधीपासून तिथंच होतं, ह्यांनी नुसती वरची धूळ झटकली.

शेवटचं अक्षर पुरं करून ते मागं सरले आणि कमरेवर हात ठेवून फाळक्याकडं बघत राहिले.

“गेनबा,” शेवटी ते म्हणाले, “हितं काय लिवलंय रं?”

गेनबा टायरपाशी बसून तंबाखू मळत होता. “तूच लिवलंस की.”

“म्या लिवलं, ते खरं. पण हाय काय ते?”

गेनबाला वाटलं, पेंटर आज मजेत आहे. तो हसला आणि म्हणाला, “आईचं नाव हाय. चहा टाकाय सांगतो, ये.”

सर्जेराव मात्र हलले नाहीत. समोर अक्षरं होती. रेषा सरळ, काने खांबासारखे उभे, वळणं त्यांचीच. चोराची चाल ओळखावी तशी त्यांनी आपली वळणं ओळखली. पण त्या अक्षरांमधून काही ऐकू येईना. कधीतरी ते कर्नाटकात एका लग्नाला गेले होते, तिथल्या दुकानांच्या पाट्या अशाच दिसायच्या. देखण्या, गोल, आणि आपल्याशी काही न बोलणाऱ्या.

ओट्यावर पेपर पडला होता. त्यांनी तो उचलला, उलटा केला, परत सुलटा केला.

“गेनबा, पेपर बी कानडीच आलाय आज.”

तेव्हा कुठं गेनबाची तंबाखू हातातच राहिली. त्यानं सर्जेरावांना टेम्पोत बसवलं आणि ओला फाळका तसाच घेऊन भोर गाठलं. भोरच्या डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले, डोळ्यांपुढं बोट हलवलं आणि सांगितलं, हितं थांबू नका, पुण्याला न्या. टेम्पो पुण्याला पोचेपर्यंत मागच्या गाड्या ‘धोंडाबाईची पुण्याई’ वाचत आल्या. आत बसलेल्या माणसाला तेवढं ते वाचता येत नव्हतं.

सर्जेरावांना वाचता येऊ नये, ही गोष्ट भोरच्या बाजारपेठेत कुणाला सांगितली असती तरी पटली नसती. शाळा नववीत सुटली, आणि लगेच ते एका जुन्या पेंटरच्या हाताखाली लागले. बाकीच्या पोरांनी अक्षर वहीवर वळवलं, ह्यांनी भिंतीवर. हातभर उंचीचा ‘क’ खांद्यापासून हात फिरवून काढायचा, चुकला की ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा काढायचा. पुढं भोरपासून वेल्ह्यापर्यंत डेअऱ्या, गिरण्या, शाळा, विहार, पतपेढ्या, सगळ्यांची नावं त्यांच्या हातची. फ्लेक्स आला तशा पाट्या कमी झाल्या, पण टेम्पो, ट्रॅक्टर आणि शाळेच्या भिंती उरल्या, आणि त्यांच्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

एक खोड मात्र होती. दुसऱ्याच्या पाटीतली चूक त्यांना सहन व्हायची नाही. रस्त्यानं जाताना फ्लेक्सवर ‘हार्दीक शुभेच्छा’ दिसलं की थांबून दुकानदाराला सांगायचे, “ती येलांटी पहिली पायजे.” दुकानदार म्हणायचा, “शुभेच्छा पोचल्या ना, मग झालं.” सर्जेराव मान हलवत पुढं जायचे आणि पुढच्या दुकानाशी परत थांबायचे. त्यांची बायको माया त्यांच्याबरोबर बाजारात जायला टाळायची ती एवढ्यासाठीच.

पुण्यात मेंदूचा फोटो निघाला. मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या अंगाला, एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ब्लडप्रेशरच्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सर्जेरावांनी बंद केल्या होत्या, त्याचं हे फळ. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, समज शाबूत. गेलं ते दोन्ही डोळ्यांचं उजव्या अंगाचं दिसणं आणि त्याच्यासोबत वाचणं.

“आणि लिहिणं?” मायानं विचारलं.

डॉक्टरांनी कागद पुढं केला. सर्जेरावांनी त्यावर झोकात लिहिलं: सर्जेराव रणपिसे, पेंटर, भोर. डॉक्टर म्हणाले, वा. मग गप्पा मारल्या, गाव विचारलं, आणि थोड्या वेळानं तोच कागद त्यांच्यापुढं धरला.

“हे कुणी लिहिलंय?”

सर्जेरावांनी कागद जवळ घेतला, लांब धरला. “अक्षर बरं हाय,” ते म्हणाले. “पेनाचं बारकं हाय, कुणाचं ते सांगता न्हाई येत.”

माया तोंडाला पदर लावून खिडकीकडं वळली. रडू येतंय की हसू, तिचं तिलाच कळेना.

घरी आल्यावर आणखी एक गंमत उघडी पडली. रंग सगळे दिसत होते, जुळवताही येत होते, पण रंगांची नावं जाग्यावर नव्हती. माया नवी साडी नेसून पुढं आली आणि म्हणाली, “कशी दिसती?”

“लाल झकास दिसती.”

माया साडीकडं बघत राहिली. साडी हिरवीगार होती. “अवो, संसार म्हातारा झाला तवा कुठं तुमी माज्या साडीकडं बगितलं,” ती म्हणाली, “आनि त्ये बी चुकीचं.”

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. घरात वाचणारा माणूस एकच होता, आणि तोच आता वाचेना. मायाचं माहेर वेल्ह्याकडच्या डोंगरात. तिथल्या शाळेत ती चौथीपर्यंत गेली आणि मग गुरांमागं लागली. अक्षरं तिला तोंडओळखीची होती, रस्त्यात भेटणाऱ्या लांबच्या पाहुण्यांसारखी. जोडाक्षर दिसलं की ती दुसरीकडं बघायची. इतकी वर्षं मोबाईलवरचा मेसेज असो की विजेचं बिल, “अवो, बगा हे काय आलंय” एवढं म्हटलं की भागायचं. आता गोळ्यांची पाकिटं समोर ठेवून दोघं एकमेकांकडं बघत बसले. शेवटी वरव्याला दिलेल्या लेकीला, शिवानीला, व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईलपुढं एकेक पाकीट धरलं.

“आई, उलटं धरलंयस,” शिवानी म्हणाली.

“मला काय म्हाईत उलटं हाय का सुलटं. तुज्या बाला बी आता म्हाईत न्हाई.”

पुण्याच्या दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या सुलक्षणा मॅडम होत्या. वयानं शिवानीएवढ्याच, बोलायला मोकळ्या. सर्जेरावांना त्या काका म्हणायच्या. त्यांनी आधी नीट समजावून सांगितलं. वाचताना डोळे नुसतं चित्र आणून देतात. ते चित्र म्हणजे अमुक अक्षर, हे ओळखण्याची जागा मेंदूत डाव्या अंगाला आहे आणि तिथून ते बोलण्याकडं, अर्थाकडं जातं. “तुमचे शब्द कुठं गेलेले नाहीत काका. अर्थही कुठं गेलेला नाही. डोळ्यांकडून तिथं जाणारी वाट तेवढी तुटलीय.”

“मंग लिवता कसं येतं?”

“कारण हाताची आठवण वेगळ्या ठिकाणी असते. सायकल शिकलेला माणूस सायकल विसरत नाही, तसलं ते शिकणं. ते तुमच्याकडं पक्कं आहे. त्या हातालाच आपण वाचायला लावू. अक्षर बघायचं आणि बोटानं टेबलावर गिरवायचं. डोळ्यांना जे सांगता येत नाही, ते हात सांगेल.”

ऐकायला सोपं वाटलं, पण जमेना. मॅडमनी कार्डावर ‘म’ दाखवला. सर्जेरावांनी बोटानं टेबलावर तो गिरवला, पुन्हा गिरवला. बोट आपलं किडा चालल्यासारखं टेबलावर फिरलं आणि त्यातून काहीच निघालं नाही. ‘भ’? ‘स’? मॅडम धीर देत होत्या, “होतं असं, सराव लागतो.” पण फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि सर्जेरावांचा चेहरा उतरत गेला. घरी ते बाजारात जाईनासे झाले. गेले तर खाली बघून जायचे. ज्या पाट्यांशी आयुष्यभर भांडले, त्या आता वरून आपल्याकडं बघून गप्प बसतात, हे त्यांना सोसवेना. वाचता येत नाही, हे त्यांनी गेनबा सोडून गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी लग्नाची पत्रिका पुढं केली की म्हणायचे, “चष्मा घरी ऱ्हायला.”

याच चष्म्यामुळं ते एका दुपारी चुकीच्या एसटीत बसले.

शिवानीकडं वरव्याला गेले होते. स्कूटर बंद झालेली. उजवीकडचं दिसत नाही त्यानं गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. परतताना जावई म्हणाला, भोरच्या गाडीत बसवून येतो. सर्जेराव म्हणाले, “म्या काय ल्हान हाय का?” आणि एकटेच नसरापूर फाट्यावर येऊन उभे राहिले. गाडी आली. समोरच्या पाटीवर काहीतरी लिहिलेलं होतं. शेजारच्या माणसाला विचारायचं, तर तो म्हणणार, बोर्डावर दिसत नाही का. गाडीत भोरकडची वाटणारी एकदोन तोंडं दिसली आणि ते चढले.

गर्दी होती. कंडक्टर त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर गाडी बरीच आत आली होती, आणि खिडकीबाहेर भलतेच डोंगर दिसायला लागले होते.

“भोर एक.”

“बाबा, ही वेल्ह्याला चाललीय,” कंडक्टर म्हणाला. “बोर्ड बघितला न्हाई का?”

“चष्मा घरी ऱ्हायला.”

कंडक्टर भला होता. विंझरला उतरा, समोरच्या अंगाला उभं राहा, परतीची गाडी मिळेल, असं त्यानं सांगितलं. सर्जेराव उतरले. कान तापले होते. ते रस्ता ओलांडून गेले आणि एका बंद दुकानापुढच्या कट्ट्यावर बसले. समोर पलीकडं आणखी एक दुकान, तेही बंद, त्याच्या शटरच्या वरच्या भिंतीवर लांबलचक, जुनं रंगवलेलं नाव. ऊन-पावसानं विटलेलं, खाली पोपडे सुटलेले.

त्यांनी ते ओळखलं. वाचलं नाही, ओळखलं. ती भिंत मधे पोटावर फुगलेली होती, आणि तिथं शिरोरेषा सरळ दिसावी म्हणून त्यांनी ती जरा उचलून घेतली होती. तरणे असताना, पिंपावर उभं राहून. ‘हितं मधे थोडी घसरलीच की,’ असं मनाशी म्हणत सवयीनं त्यांनी उजवा हात उचलला आणि बसल्या जागेवरून, रस्त्याच्या अलीकडून, हवेतच ती रेषा ओढली. मग तिच्याखाली हात आपोआप पहिल्या अक्षरात उतरला. खांद्यापासून. मोठं वळण, आत गाठ, तिरपी तंगडी खाली, मग काना, मग शेजारी दुसरा काना.

“सा,” सर्जेराव म्हणाले.

स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले. हात थांबला होता. त्यांनी तो पुन्हा उचलला. गोल पोट, दांडी. “व.” पुढं दोन वेटोळी आणि काना. “ळा.” मग ‘रा’, मग ‘म’. सावळाराम. सावळाराम सायकल मार्ट. ते उठून उभेच राहिले आणि सगळा हात फिरवत रस्त्यापलीकडची भिंत वाचायला लागले.

गाडीची वाट बघत एक बाई उभी होती. ती म्हणाली, “काका, कुणाला हाक मारताय का?”

“न्हाई बाई. वाचतोय.”

बाई दोन पावलं बाजूला सरकली.

मग सर्जेरावांच्या मनात शंका आली. नाव आपणच टाकलेलं. आपल्याला ते नुसतं आठवलं तर नसेल? पेंटर असला तरी माणूस हिशोबी होता. फुकटचा आनंद त्यांना नको होता. आपण न लिहिलेलं काहीतरी पाहिजे, म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. थोडं पुढं एका आवाराच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगात काहीतरी खरडलं होतं. वळण गचाळ, शिरोरेषा बैलाच्या मुतासारखी वाकडी. हे आपलं नक्की नाही. ते जवळ गेले, आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून एकेक अक्षर हवेत गिरवायला लागले. वेळ लागला. ‘थे’ला दोनदा अडले. पण आलं.

‘येथे गुरे बांधू नयेत.’

खाली एक म्हैस बांधलेली होती. ती रवंथ करत त्यांच्याकडं बघत होती. सर्जेराव तिला म्हणाले, “तुला बी येत न्हाई का वाचाय?” आणि तिथंच, त्या भिंतीला टेकून, ते मनसोक्त हसले. डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचं होतं की कशाचं, हे विचारायला तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. परतीची गाडी आली तेव्हा तिच्या पाटीपुढं उभं राहून त्यांनी भला मोठा ‘भो’ काढला. ड्रायव्हर आतून म्हणाला, “थांबलोय की, या.”

सुलक्षणा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीतून उठल्याच. त्यांनी दाराला लांबलचक कागद चिकटवला, त्यावर जाड मार्करनं हातभर अक्षरं काढली आणि सर्जेरावांना दूर उभं केलं. सर्जेरावांनी हात फिरवला आणि वाचलं. मॅडमच्या चेहऱ्यावर खुशी मावेना.

“काका, तुमचं अक्षर घडलं कुठं?”

“भिंतीवर.”

“आणि मी तुम्हाला टेबलावर बोट फिरवायला लावत होते. तुमच्या अक्षराची आठवण बोटात नाहीच मुळी, खांद्यात आहे.” मग त्यांनीच दुरुस्ती केली. “तशी खांद्यातही नसते म्हणा, मेंदूतच असते. पण खांदा हलला की जागी होते. आता आपण असं करू. आधी भिंतीएवढं, मग दाराएवढं, मग पाटीएवढं. हात हळूहळू लहान करत आणायचा. शेवटी बोट मांडीवर फिरलं तरी चालेल, पण ती शेवटची पायरी.”

आणखीही बऱ्याच गोष्टी त्यांनी सांगितल्या. एकदम तासभर रेटायचं नाही. थोडं करायचं, सोडायचं, परत करायचं. अक्षर अडलं तर लगेच कुणाला विचारायचं नाही. आठवायचा प्रयत्न करायचा, कारण आठवायला लागणारा जोरच ती वाट रुंद करतो. आणि झोप मोडायची नाही. दिवसा केलेला सराव मेंदू झोपेत पक्का करतो.

“दुपारची बी चालती का?” सर्जेरावांनी विचारलं.

“दुपारचीही चालते.”

घरी आल्यावर मायाला त्यांनी बाकीचं सगळं गाळून एवढंच सांगितलं, की डॉक्टरांनी दुपारी झोपायला सांगितलंय.

मग भोरच्या बाजारपेठेनं एक नवा देखावा बघितला. सर्जेराव पेंटर दुकानापुढं उभे आणि हवेत हात फिरवतायत. कुणी म्हणालं अंगात वारं आलंय, कुणी म्हणालं माश्या मारतोय. गेनबानं सांगितलं, “चौकात हवालदार नव्हता, तो मिळाला.” आता चष्म्याची थाप चालण्यासारखी नव्हती. एका दुकानदारानं सरळ विचारलं, तेव्हा सर्जेरावांनीही सरळ सांगून टाकलं, डोक्यात गुठळी झाली, डोळ्यांचं वाचणं गेलं, आता हातानं वाचतोय. त्यांना वाटलं होतं, लोक कीव करतील. दुकानदारानं खुर्ची दिली आणि विचारलं, “मग ह्या पाटीत काय चूक हाय का बगा की.” सर्जेरावांनी हात फिरवला. चूक होती. ती सांगताना त्यांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

रंगांच्या नावांवर मायानं तोड काढली. तिनं रंगाच्या डब्यांशेजारी स्वयंपाकघरातल्या वस्तू मांडल्या. रंग जुळवता येत होते, वस्तूंची नावंही येत होती. त्यामुळं सर्जेराव आता म्हणायचे, “मिरचीचा डबा दे, त्यात जरा हळद मिसळतो.” कारखान्यातल्या रंगांना अशी नावं कुणी दिली नव्हती, पण काम चोख व्हायचं.

संध्याकाळी दाराच्या फळीवर सराव चालायचा. अक्षरं मोठी काढून द्यायला कुणीतरी लागायचं, म्हणून माया खडू घेऊन बसायची. ती जुन्या पत्रिकेतलं बघून बघून उतरवायची आणि सर्जेराव हात फिरवून वाचायचे. पहिल्यांदा तिनं काढलेला ‘घ’ बघून ते म्हणाले, “हा ‘ध’ हाय.”

“घ हाय.”

“हात सांगतोय ध हाय. वरची रेघ बग, तोडलीस तू.”

“मंग दावा कसा काढायचा.”

त्यांनी तिचा हात धरला आणि फळीवर फिरवला. खांद्यापासून. मायाला लाजल्यासारखं झालं. चौथीनंतर तिच्या हातात खडू कुणी दिला नव्हता, आणि नवऱ्यानं हात धरून शिकवावं असं वयही उरलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून ‘घ’ काढून ठेवला, आणि सर्जेरावांच्या हातानं तो बिनतक्रार वाचला.

तिथून पुढं दोघांचं शिकणं जोडीनं चाललं. त्यांची जुनी विद्या नव्या वाटेनं येत होती, तिची अर्धी राहिलेली विद्या जुन्याच वाटेनं पुढं सरकत होती. मॅडमचे नियम तिनंही लावून घेतले. भाकरी थापता थापता ती पिठात बोटानं ‘क्ष’ काढायची, मोडायची, परत काढायची. भाजीला गेली की पाट्या वाचायची. जोडाक्षर दिसलं की आता ती दुसरीकडं बघत नसे, थांबायची आणि त्याच्याकडं डोळे रोखून बघायची. लवकरच ती त्यांच्या पुढं गेली. सर्जेरावांचं वाचणं म्हणजे अक्षरागणिक एक फेरी. एक मथळा संपेपर्यंत चहा निवायचा. मायाचे डोळे मात्र शब्द सबंध उचलायला शिकले. ते अर्ध्यात असताना ती पुढचं सांगून टाकायची आणि ते चिडायचे.

“डॉक्टरांनी सांगितलंय, मधे सांगायचं न्हाई. आठवाय द्यायचं.”

“द्या मंग आठवत. मी पुढची बातमी वाचती.”

गोळ्यांची पाकिटं आता तीच वाचून लावायची. शिवानीला फोन जायचा तो दुसऱ्याच गोष्टी बोलायला. सर्जेरावांचा हात भिंतीवरून दाराएवढा झाला, दारावरून पाटीएवढा, आणि पुढं पुढं तर पेपर वाचताना बघणाऱ्याला त्यांचं बोट मांडीवर जरासं वळवळताना दिसायचं, एवढंच. उजवीकडचं दिसणं काही परत आलं नाही. माया चालताना त्यांच्या उजव्या अंगाला असायची. तिकडून येणारी मोटारसायकल किंवा म्हैस ती सांगायची.

मधल्या काळात वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं होतं, आणि गावोगावच्या भिंतींवर ‘ता. वेल्हे’ तसंच राहिलं होतं. एका गावच्या तरुण मंडळानं आपल्या व्यायामशाळेचं नाव नव्यानं रंगवून घ्यायचं ठरवलं आणि सर्जेरावांना फोन केला. मंडळाच्या पोरांना फ्लेक्स नको होता, हातचं पाहिजे होतं.

दुखण्यानंतरचं एवढं मोठं पहिलंच काम. सर्जेराव आदल्या दिवशी ब्रश धुऊन तयार. माया म्हणाली, मी बी येती. ते म्हणाले, तू काय करणार? ती म्हणाली, वाचणार.

गेनबानं टेम्पोनं सोडलं. जुनी अक्षरं खरवडून भिंत पांढरी करून ठेवली होती. सर्जेराव शिडीवर चढले, दोरी मारली, शिरोरेषा ओढली. माया खाली उजव्या अंगाला उभी राहिली, भिंत संपायच्या आत “आता कडंला आलं” असं सांगायला. व्यायामशाळेचं नाव झकास उतरलं. मिरचीचा रंग पांढऱ्यावर असा उठला की पोरं मोबाईल काढून फोटो घ्यायला लागली. मग गावाचं नाव. मग शेवटची ओळ, तालुका आणि जिल्हा. सर्जेराव रंगात आले होते. एकीकडं पोरांशी बोलत होते, जुन्या पेंटरच्या आठवणी सांगत होते, आणि हात आपला आपण चालला होता.

“अवो,” माया खालून म्हणाली.

“आलं का कडंला?”

“कडंला न्हाई आलं. तुमी काय लिवलंय ते वाचा जरा.”

“काय लिवलंय म्हंजे? ता. राजगड.”

“वाचा म्हणती ना.”

सर्जेराव शिडीवरच मागं रेलले, आणि डावा हात शिडीला धरून उजव्या हातानं हवेत अक्षर काढायला लागले. ‘ता’ बरोबर. मग वर मात्रा, खाली गोल पोट, दांडी. ‘वे’. पुढं ‘ल’ला जोडून ‘ह’, वर मात्रा. ‘ल्हे’.

पोरांनी मोबाईल खाली केले. गेली कितीतरी वर्षं ‘ता.’च्या पुढं त्या हातानं एकच शब्द लिहिला होता, आणि आज मालकाचं लक्ष गप्पांत बघून त्यानं गुपचूप तोच लिहून टाकला होता.

“हाताला कळवलंच न्हाई का तुमी,” माया म्हणाली, “तालुका बदलला म्हणून?”

वर शिडीवर सर्जेराव हसायला लागले, तशी शिडी हलली आणि दोन पोरांनी पळत येऊन ती धरली. “लई जुना नोकर हाय,” ते म्हणाले. “त्याला नवं सांगाय येळ लागतो. फडकं दे.”

मायानं टर्पेंटाइनमधे बुडवलेलं फडकं वर दिलं. त्यांनी ओळ पुसली. ह्या वेळी त्यांनी गप्पा मारल्या नाहीत. माया खालून एकेक अक्षर सांगत गेली, “रा… ज… ग… ड,” आणि ते वर एकेक काढत गेले. झाल्यावर ती रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली, सबंध भिंत वरपासून खालपर्यंत वाचली, अडली नाही, आणि मग म्हणाली, “बराबर हाय. उतरा आता, चहा आलाय.”